विश्लेषण : युरोपात स्वस्तात फिरायचे तर रेल्वे की बस?

मुंबईहून नागपूरला स्वस्तात कसे जायचे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. स्लीपरचे तिकीट ‘कन्फर्म’ झाले तर उत्तम, वेटिंगवर अडकले तर नाइलाजाने खासगी ट्रॅव्हल्स. रेल्वे म्हणजे स्वस्त, बस म्हणजे महाग हे गणित आपल्याकडे इतके मुरलेले आहे की युरोपची सहल आखतानाही तेच वापरले जाते. तिथे मात्र ते उलटे पडते. बर्लिनहून म्युनिकला जायचे असेल आणि तिकीट आदल्या दिवशी काढायचे असेल, तर रेल्वेचे पूर्ण दराचे भाडे दीडशे युरोंच्याही पुढे जाऊ शकते. त्याच दिवशीची बस त्याच्या पाव किमतीत सापडते. एका युरोला शंभरच्या घरात रुपये मोजावे लागत असताना हा फरक चौघांच्या कुटुंबाचे बजेट कोलमडवायला पुरेसा आहे.

जर्मनीत शिकणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे मे महिन्यात जाणारे आईवडील, टूर कंपनीचे पॅकेज परवडत नाही म्हणून स्वतःच बेत आखणारी मित्रमंडळी, पहिल्या सुट्टीत चार देश बघायला निघालेले विद्यार्थी या सगळ्यांसमोर हा प्रश्न असतो. ‘बस स्वस्त, रेल्वे आरामदायी’ एवढ्या उत्तराने भागत नाही. मार्ग कोणता, तिकीट किती आधी काढले, वय किती आणि व्हिसा कसला यावर ते उत्तर बदलते.

बस एवढी स्वस्त कशी?

युरोपात लांब पल्ल्याच्या स्वस्त बसचे जाळे फार जुने नाही. जर्मनीत १९३० च्या दशकापासूनच्या कायद्याने रेल्वेला संरक्षण दिले होते. जिथे रेल्वे धावते, तिथे तिच्याशी स्पर्धा करणारी देशांतर्गत बससेवा सुरू करायला जवळपास परवानगीच नव्हती. जानेवारी २०१३ मध्ये हे बंधन उठले. फ्रान्सने २०१५ मध्ये तेच केले. तेव्हा अर्थमंत्री असलेले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्या नावानेच तो कायदा ओळखला जातो. या मोकळ्या झालेल्या बाजारात हिरव्या रंगाच्या फ्लिक्सबसने पाय रोवले. याच कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेची ग्रेहाउंड विकत घेतली आणि २०२४ मध्ये दिल्लीहून भारतातही सेवा सुरू केली.

या कंपनीच्या बहुतेक बस तिच्या स्वतःच्या नाहीत. बस आणि चालक स्थानिक वाहतूकदाराचे. मार्ग, वेळापत्रक, तिकीटविक्री आणि भाडे ठरवणे कंपनीकडे. टॅक्सी ॲपसारखेच हे. शिवाय जर्मनीच्या महामार्गांवर मालट्रकना टोल आहे, प्रवासी बसना नाही. रेल्वेला मात्र प्रत्येक गाडीमागे रुळांच्या वापराचे शुल्क भरावे लागते. जर्मन सरकारने जानेवारी २०२० पासून लांब पल्ल्याच्या रेल्वे तिकिटांवरचा मूल्यवर्धित कर १९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणला, बसच्या तिकिटांवर तो १९ टक्केच राहिला. तरीही बस स्वस्त आहे, यावरूनच दोघांच्या खर्चातली दरी लक्षात यावी.

रेल्वेचे भाडे रोज का बदलते?

दिवाळीत आपल्याकडचे खासगी ट्रॅव्हल्सवाले जे करतात, ते युरोपातल्या वेगवान गाड्या वर्षभर करतात. जागा भरत जातील तसे भाडे चढते. काही महिने आधी बर्लिन-म्युनिक तिकीट २० युरोंच्या आसपास मिळून जाते; प्रवासाच्या आठवड्यात तेच कित्येक पटींनी महाग होते. बसचे भाडेही चढते-उतरते, पण उडी लहान असते.

स्वस्त तिकिटाला अटी असतात. जर्मन रेल्वेचे सर्वांत स्वस्त तिकीट रद्द करता येत नाही आणि ते ठरावीक गाडीपुरतेच असते. ती गाडी तुमच्या चुकीने सुटली तर तिकीट गेले. पुढच्या गाडीत चढून तिकीट तपासनिसाला विनंती करण्याची आपली सवय तिथे महागात पडते. बसचे तिकीट याबाबत थोडे सैल असते. निघण्याच्या काही वेळ आधीपर्यंत शुल्क कापून ते रद्द करता येते, मात्र परतावा अनेकदा रोख न मिळता पुढच्या प्रवासाच्या व्हाउचरच्या रूपात मिळतो. आठ दिवसांत भारतात परतणाऱ्याला त्या व्हाउचरचा काय उपयोग, हा प्रश्न उरतोच.

तिकीट कुठून काढले यानेही फरक पडतो. बर्लिन-प्राग गाडी जर्मन आणि चेक रेल्वे मिळून चालवतात. तीच गाडी, तोच डबा, पण चेक रेल्वेच्या संकेतस्थळावर भाडे अनेकदा कमी दिसते. दोन्हीकडे पाहून मगच पैसे भरावेत.

ढोबळ हिशोब असा की, तारखा पक्क्या असतील आणि दोन-तीन महिने हाताशी असतील तर वेगवान रेल्वे बसच्या जवळपास भावात मिळू शकते. व्हिसा हातात पडल्यावर, म्हणजे पुष्कळदा निघण्याच्या पंधरवड्यात, तिकिटे काढणाऱ्या भारतीय प्रवाशाला मात्र तो भाव मिळत नाही. व्हिसाआधी न परतणारी तिकिटे काढायची की व्हिसानंतर महाग तिकिटे घ्यायची, या पेचावर बस हा बऱ्यापैकी उतारा आहे.

मग पास काढावा का?

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी १९५९ पासून ‘युरेल’ पास आहे. सध्या तो ३३ देशांत चालतो. एका महिन्यात कोणतेही पाच दिवस प्रवासाची मुभा देणारा प्रौढांचा दुसऱ्या वर्गाचा पास ३०० युरोंच्या आसपास पडतो. म्हणजे प्रवासाच्या एका दिवसाला ६० युरो. आधी काढलेल्या २०-३० युरोंच्या तिकिटांपुढे हा सौदा तोट्याचा आहे. ऐनवेळी काढाव्या लागणाऱ्या १००-१५० युरोंच्या तिकिटांपुढे मात्र तो फायद्याचा. बेत सैल असेल आणि मनाला येईल तिथे उतरायचे असेल, तर पासला पर्याय नाही.

पासवाल्यांची फसगत होते ती आरक्षणाच्या जागी. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्या तसेच युरोस्टार यांत पास असूनही आसन आरक्षण सक्तीचे आहे आणि त्याचे पैसे वेगळे. युरोस्टारला ते ३० युरोंच्या घरात जाते आणि पासधारकांसाठीच्या जागाही मोजक्याच असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दिवसाच्या गाड्यांत अशी सक्ती नाही. त्यामुळे पास या पट्ट्यात वसूल होतो. पॅरिस-बार्सिलोना-रोम असा बेत असेल तर तो पांढरा हत्ती ठरू शकतो.

विद्यार्थ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पासचा प्रकार पासपोर्टवर नव्हे, तर राहण्याच्या ठिकाणावर ठरतो. पुण्याहून जाऊन जर्मनीत निवास परवान्यावर शिकणारी मुलगी ‘युरेल’ नव्हे तर ‘इंटररेल’ घेते. तिला भेटायला आलेले आईवडील ‘युरेल’ घेतात. इंटररेलमध्ये स्वतःच्या राहत्या देशात फक्त दोन प्रवास करता येतात, एक बाहेर पडण्याचा आणि एक परतण्याचा. २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना दोन्ही पासांवर सवलत आहे, साठी ओलांडलेल्यांनाही थोडी मिळते आणि ४ ते ११ वर्षांच्या मुलांना प्रौढ सोबत असल्यास पास मोफत मिळतो.

केवळ जर्मनीत फिरायचे असेल तर ‘डॉइचलँड तिकीट’ हा तिसराच मार्ग आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले हे मासिक तिकीट जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना आहे. देशभरातल्या शहर बस, मेट्रो, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांत ते चालते. वेगवान आयसीई गाड्यांत चालत नाही. बर्लिन-म्युनिक या तिकिटावर करायचे म्हटले तर तीन-चार गाड्या बदलत नऊ-दहा तास जातात. आणि हे वर्गणीचे तिकीट आहे. चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केले नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही खात्यातून जातात. भारतात परतल्यावर कार्डाच्या विवरणपत्रात हे उमगते, तेव्हा उशीर झालेला असतो.

कोणत्या मार्गावर कोण सरस?

जिथे वेगवान रुळ आहेत तिथे बस वेळेच्या हिशोबात फार मागे पडते. बर्लिन-म्युनिक सर्वांत जलद आयसीईने चार तासांत, बसने सात-आठ तास. पॅरिस-लिऑन टीजीव्हीने दोन तास, बसने सहा-सात. माद्रिद-बार्सिलोना रेल्वेने अडीच तास, बसने सात-आठ. स्पेनमध्ये तर रेल्वेच स्वस्त झाली आहे. तिथे २०२१ पासून ओईगो आणि २०२२ पासून इर्यो या कंपन्या सरकारी रेल्वेच्या स्पर्धेत वेगवान गाड्या चालवू लागल्या आणि सरकारी रेल्वेनेही आपली स्वस्त गाडी काढली. इटलीत २०१२ पासून इटालो हेच करते आहे. मिलान-रोम तीन तासांच्या आसपास. या दोन देशांत थोडे आधी तिकीट काढणाऱ्याने बसचा विचार करण्याचे फारसे कारण नाही.

म्युनिक-प्राग मार्गावर मात्र चित्र पालटते. सीमेजवळचा रेल्वेमार्ग वळणावळणाचा आणि जुना असल्याने थेट गाडीला साडेपाच-सहा तास लागतात, तर बस साधारण पाच तासांत पोहोचते आणि स्वस्तही पडते. लिस्बन आणि माद्रिद या शेजारच्या दोन राजधान्यांत थेट रेल्वेच नाही. पूर्वीची रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये करोनाकाळात बंद पडली ती परतलीच नाही. आता रेल्वेने जायचे तर दोन-तीन गाड्या बदला आणि दिवस घालवा. त्यापेक्षा बस बरी. बाल्टिक देशांतही टॅलिन, रिगा, व्हिल्निअस जोडणाऱ्या बस चांगल्या आणि जास्त सोयीच्या आहेत. तिथला युरोपीय मापाचा रेल्वेमार्ग अजून बांधला जातो आहे. क्रोएशियाच्या डुब्रोव्हनिकला तर रेल्वे स्थानकच नाही.

बर्लिन-प्राग ही बरोबरीची लढत. रेल्वे सव्वाचार तासांच्या आसपास, बसही त्याच्या जवळपास. पण ड्रेस्डेननंतर रुळ एल्ब नदीच्या काठाने वालुकाश्माच्या कड्यांखालून जातात आणि गाडीत खानपान डबा असतो. चार-पाच युरोंचा फरक असेल तर इथे रेल्वेच घ्यावी.

स्वित्झर्लंडचा मामला वेगळा. परदेशी बस कंपन्यांना तिथे देशातल्या देशात प्रवासी वाहण्याची परवानगी नाही. म्हणजे म्युनिकहून झुरिकला हिरव्या बसने जाता येईल, पण झुरिकहून जिनिव्हाला नाही. तिथे रेल्वे आणि तिचे सवलतीचे पास हाच मार्ग.

वेळ मोजताना आणखी एक चूक होते. रेल्वे स्थानक सहसा शहराच्या मध्यात असते, बसस्थानक नसते. बर्लिनचे मुख्य बसस्थानक शहराच्या पश्चिम टोकाला आहे, मिलानचे लाम्पुन्यानो मेट्रोने गाठावे लागते, व्हिएन्नाचे एर्डबर्गही मध्यवस्तीबाहेर आहे. पॅरिसच्या बर्सीला मोठ्या बॅगा घेऊन पोहोचणे हीच एक यात्रा असते. म्युनिक आणि प्राग याला अपवाद. दोन्हीकडे बसस्थानक मुख्य रेल्वे स्थानकापासून फार दूर नाही. स्थानिक तिकिटाचे तीन-चार युरो आणि अर्धा-पाऊण तास बसच्या भाड्यात मिळवला, की वाचलेल्या पैशांचा आकडा थोडा खाली येतो.

रात्रीच्या प्रवासात हॉटेलचे पैसे खरेच वाचतात?

कागदावर वाचतात. रात्री अकराला बस पकडायची, सकाळी सहाला नव्या शहरात. एका रात्रीचे हॉटेल वाचले. प्रत्यक्षात युरोपातल्या बहुतेक रात्रीच्या बस म्हणजे बसूनच काढायची रात्र. आपल्याकडच्या स्लीपर कोचसारख्या बर्थ तिथे सहसा नसतात. युरोपीय नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, त्यामुळे पहाटे तीन वाजता पेट्रोल पंपावर दिवे लागतात आणि झोपमोड होते. तिथे ढाबा नसतो आणि स्वच्छतागृहाला पैसे पडतात. सीमेवरची तपासणी वेगळीच. शेंगेन क्षेत्रात एरवी पासपोर्ट पाहिला जात नाही, पण जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली आणि पोलीस बसमध्ये चढून कागदपत्रे मागतात. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत टाकून झोपी गेलेल्याची त्या वेळी पंचाईत होते.

सकाळी पोहोचल्यावरही खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. विशीतल्या मुलांना हे जमते. साठीच्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याने मात्र वाचलेल्या हॉटेलभाड्यासमोर दुसऱ्या दिवशीची दुखणारी पाठ आणि फुकट गेलेली दुपार मांडून पाहावी.

यावर रेल्वेचे उत्तर म्हणजे शयनयान गाड्या. जर्मन रेल्वेने या गाड्या नकोशा झाल्या म्हणून सोडल्या, तेव्हा २०१६ च्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या रेल्वेने ‘नाइटजेट’ नावाने त्यातल्या बऱ्याच चालवायला घेतल्या. त्यात बसायची आसने, चार किंवा सहा बर्थचा कुशेत डबा आणि स्वतंत्र शयनकक्ष असे प्रकार असतात. कुशेत म्हणजे आपल्या स्लीपर डब्याचाच भाऊबंद, फक्त दार बंद होते आणि चादर-उशी मिळते. त्याचे भाडे बसच्या दुप्पट-तिप्पट असू शकते, पण हॉटेल वजा केले की ते पटते. नाइटजेटमधले आसन घेऊन रात्र काढणे मात्र बसपेक्षा फार वेगळे नाही. पासधारकांसाठी एक फायदा असा की, रात्रीच्या थेट गाडीला पासचा एकच दिवस खर्च होतो, निघण्याचा.

गाडी लेट झाली तर?

जर्मन वक्तशीरपणाची कीर्ती आता इतिहासजमा झाली आहे. २०२४ मध्ये जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या, आणि तिथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर ‘वेळेवर’च धरला जातो. म्हणजे तीनपैकी एकाहून अधिक गाड्या लेट. गाडी बदलायला आठ मिनिटे देणारा प्रवास स्वस्त दिसला तरी तो घेऊ नये.

पण नुकसान भरपाईत रेल्वे पुढे आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार गाडी तासाहून अधिक उशिरा पोहोचली तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांहून अधिक उशीर झाला तर ५० टक्के रक्कम मागता येते. उशीर अपवादात्मक परिस्थितीमुळे झाला असेल तर ती नाकारली जाऊ शकते. उशिरामुळे पुढची गाडी चुकली आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढच्या गाडीने जाता येते. ठरावीक गाडीची अटही तेव्हा गळून पडते. म्हणूनच पाच युरो वाचवण्यासाठी एका प्रवासाची दोन स्वतंत्र तिकिटे काढण्याची युक्ती धोक्याची. पहिली गाडी लेट झाली तर दुसरे तिकीट वाया जाऊ शकते.

बसचे नियम कमकुवत आहेत. २५० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या मार्गावर बस सुटायलाच दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला किंवा ती रद्द झाली, तर पैसे परत किंवा पर्यायी प्रवास यांतला एक पर्याय कंपनीने द्यायचा असतो. तो दिला नाही तर भाड्याच्या ५० टक्के भरपाईही. पण बस वेळेवर सुटली आणि महामार्गावरच्या कोंडीत तीन तास अडकली, तर भरपाईचा हक्क नाही. परतीचे विमान ज्या दिवशी आहे, त्या दिवशी विमानतळाच्या शहरात बसने पोहोचण्याचा बेत म्हणूनच करू नये. आदल्या रात्रीच पोहोचावे, बसने असो वा रेल्वेने.

सिंगल एन्ट्री व्हिसा आणि वाट कुठली?

सर्वांत महागडी चूक तिकिटाच्या दरात नसते, नकाशात असते. शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया जानेवारी २०२५ मध्ये पूर्णपणे सामील झाले. पण त्यांच्या मधोमध सर्बिया, बॉस्निया, मॉन्टेनिग्रो, अल्बेनिया हे देश बाहेर आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्या अनेक भारतीयांना एकदाच प्रवेशाचा, म्हणजे सिंगल एन्ट्री व्हिसा मिळतो. शेंगेनबाहेर पाय पडला की तो व्हिसा संपला, तारखा शिल्लक असल्या तरी.

क्रोएशियाचा किनारा नेउम या गावापाशी तुटतो. तिथे काही किलोमीटर समुद्रकिनारा बॉस्नियाचा आहे. स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला जाणाऱ्या बस पूर्वी तिथूनच जात. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यावर बॉस्नियाला वळसा घालून जाता येते, पण काही बस अजूनही नेउममार्गे जातात. जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये असल्याने, त्या बसमध्ये बसलेला सिंगल एन्ट्रीवाला प्रवासी कॉफीच्या थांब्यासाठी शेंगेनबाहेर जातो आणि परत येताना अडकू शकतो. तिकीट काढताना बस कोणत्या वाटेने जाते, हे कंपनीला विचारून घ्यावे. ॲपवरचा नकाशा नेहमी ते सांगत नाही. बुडापेस्टहून स्वस्त बसने बेलग्रेडला चक्कर मारून येण्याचा बेत किंवा पॅरिसहून लंडनला जाऊन परतण्याचा बेतही याच कारणाने मल्टिपल एन्ट्री व्हिसा असल्याशिवाय करू नये. लंडनसाठी ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो तो लागतोच.

सामानाचे काय?

बसमध्ये साधारणपणे डिकीत २० किलोंची एक बॅग आणि सोबत ७ किलोंची छोटी पिशवी एवढेच भाड्यात धरलेले असते. जास्तीच्या बॅगेला पैसे पडतात आणि ती घेतली जाईलच याची हमी नसते. बहुतेक रेल्वेगाड्यांत वजन कुणी मोजत नाही, पण बॅग स्वतः उचलून चढवावी लागते आणि हमाल नसतो. लोणची, चिवडा, पुरणपोळ्यांनी भरलेल्या दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन येणाऱ्या आईवडिलांना विमानतळावरून मुलांच्या गावी न्यायला रेल्वेच बरी. फिरायला निघताना त्या बॅगा घरी ठेवून पाठीवरच्या सॅकवर भागत असेल, तर बसचा विचार करावा.

बव्हेरियात राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. ‘बायर्न तिकीट’ या दिवसभराच्या तिकिटावर पाच जणांपर्यंतचा गट प्रादेशिक गाड्यांतून राज्यभर फिरू शकतो. प्रत्येक जास्तीच्या माणसामागे थोडीच रक्कम वाढते. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊपासून लागू होते आणि ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गपर्यंत चालते. म्युनिकहून चौघांनी साल्झबर्ग पाहून संध्याकाळी परतायचे असेल, तर ना बसचे ॲप उघडावे लागते ना वेगवान गाडीचे. फक्त पासपोर्ट खिशात हवा, परतीच्या वाटेवर सीमेवर तपासणी होऊ शकते.